चाळीस ताटल्यांची मोजणी

“हा ठिपका आहे की माशीचा उद्योग?” धाकटा पुटपुटला. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, आणि शेजारी बसलेल्या आत्याला नक्की ऐकू जावं इतक्या जवळून.

“पट्टी लाव,” आत्या म्हणाली.

“लावली. पट्टीवरच्या ठिपक्याएवढाच आहे, ना कमी ना जास्त.”

“तेवढा असेल तर धरायचा. त्याहून लहान असेल तर सोडायचा. तासाभरात चौथ्यांदा सांगतेय.”

“ताई, तू मास्तरीण व्हायला हवं होतंस. उगाच आयुष्यभर लोकांचे कोट रफू करत बसलीस.”

“बोलू नका रे,” टेबलाच्या पलीकडून दादा म्हणाला. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून तो फोटोवर इतका वाकला होता, जणू कागदाखाली एखादं घड्याळ बंद पडलं असावं. “बावन्न खुणा मोजून झाल्या होत्या. की त्रेपन्न? गेला आकडा. तुमच्या वटवटीनं.”

आत्यानं मान खाली घातली, ती मुख्यतः हसू लपवायला. सहा वर्षांनी तिचे दोन्ही भाऊ एका टेबलाशी बसले होते. वडिलांच्या घड्याळांच्या दुकानाचे दोन भाग झाले, मधे प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि धाकट्यानं आपल्या भागात मोबाइलची कव्हरं विकणारा आणून बसवला, तेव्हापासून दोघांतला सगळा व्यवहार आत्याच्या मार्फत चालत होता. ‘त्याला सांग’, ‘त्याला विचार’. आईच्या, म्हणजे माईच्या, गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा दोघं दवाखान्यात पाळीपाळीनं आले होते, एकमेकांची वेळ टाळून. आणि आज बारकीनं बोलावलं म्हटल्यावर दोघं रविवारची दुपारची झोप सोडून हजर झाले.

बारकी म्हणजे दादाची मुलगी. वय वर्षं अठ्ठावीस. कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करते आणि अजून बारकीच आहे.

गुरुवारी तिचा आत्याला फोन आला होता. तिनं आणि तिच्या गाईडनं लिहिलेला शोधनिबंध छापायला पाठवला होता, आणि तो तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी एकच ओळ लिहून परत धाडला होता: मोजणी करणाऱ्याला कोणत्या ताटलीत औषध घातलंय हे ठाऊक होतं का?

“होतं?” आत्यानं विचारलं होतं.

“होतंच की. पेशी मी वाढवते, औषध मी घालते, ताटल्या मी रंगवते. मोजतेही मीच.”

“मग आता?”

“आता ज्याला ठाऊक नाही त्यानं मोजायचं. लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे काय निघायला हवं ते. गाईड म्हणाले, बाहेरचं कुणीही आण, फक्त डोळे चांगले हवेत. मी विचार केला, एक घड्याळजी, एक रफूवाली आणि एक छापखान्यात प्रुफं तपासणारा. अशी टीम कुठल्या इन्स्टिट्यूटला मिळणार? आणि सोमवारी सकाळी आकडे पाठवायचेत, आत्या. हे झालं की तिसरं प्रकरण झालं. तिसरं झालं की प्रबंध झाला.”

तेव्हा आता टेबलावर चाळीस फोटो होते. प्रत्येकावर एक गोल ताटली, आणि ताटलीत जांभळ्या शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. सकाळी बारकीनं सगळं समजावून सांगितलं होतं. प्रत्येक ताटलीत गाठीतल्या दोनशे सुट्या पेशी सोडायच्या. वीस ताटल्यांत औषध, वीस साध्या. दोन आठवडे वाट पाहायची. जी पेशी तग धरते ती दोनाची चार, चाराची आठ अशी वाढत जाते, आणि रंग घातला की तिचं सगळं गोत एका ठिपक्यासारखं दिसतं.

“म्हणजे एक ठिपका म्हणजे एकीचं खानदान,” आत्या म्हणाली होती. तिला ही कल्पना फार आवडली.

“अगदी. पण पन्नासाहून कमी पेशी असतील तर ते खानदान धरायचं नाही. नियम आहे.”

“मग आपलं काही धरणार नाहीत,” धाकटा म्हणाला होता.

पन्नास पेशी डोळ्यांना कशा दिसणार, म्हणून बारकीनं प्रत्येकाला एक पारदर्शक पट्टी दिली होती. तिच्यावर नेमका तेवढा एक नमुन्याचा ठिपका. फोटोवर प्लास्टिकचा कागद ठेवायचा, धरलेल्या ठिपक्यावर पेननं खूण करायची, शेवटी खुणा मोजायच्या. तिघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचं बघायचं नाही. कोणता फोटो औषधाचा आणि कोणता साधा हे एकट्या वहिनींना, बारकीच्या आईला, ठाऊक. त्या शाळेच्या ग्रंथालयात काम करतात. त्यांनी फोटोंची नावं चिठ्ठ्या लावून झाकली होती, वर आपले क्रमांक घातले होते, आणि क्रमांकांची किल्ली एका वहीत लिहून त्या वहीवर स्वतःच बसल्या होत्या. अक्षरशः. वही खुर्चीत, खुर्चीत वहिनी.

आणि बारकीला खोलीतून बाहेर काढलं होतं. ती चेहऱ्यावरून काही सुचवेल म्हणून. हा नियम तिनंच केला होता. आता ती स्वयंपाकघरात माईच्या समोर बसून वाटाणे सोलत होती आणि दर दहा मिनिटांनी ओरडून विचारत होती, “किती झाल्या?”

“तिला म्हणावं, पोरांच्या निकालाच्या दिवशी आयाबाया शाळेबाहेर उभ्या राहतात तशी राहू नकोस,” माई आतून म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांची माई ज्याच्याशी बोलायचं असेल त्याच्याशी सहसा थेट बोलत नसे.

पंचवीस ताटल्या झाल्या. आत्याला मजा येत होती, हे कबूल करायला हवं. काळ्या कोटावरचा कसरीनं खाल्लेला भाग विणताना जसं बाकी जग पुसट होत जातं तसं होत होतं. प्रत्येक ताटली निराळी. एका ताटलीत ठिपके सगळे एका कडेला, लग्नात जेवणाच्या बाजूला गर्दी होते तसे. एकीत दोन मोठे ठिपके पाठीला पाठ लावून बसलेले.

“हे तुम्ही दोघं,” ती धाकट्याला म्हणाली. धाकट्यानं चोरून दादाकडे पाहिलं. दादानं भिंगातून वर पाहिलं नाही, पण त्याचे कान हलले.

तीस झाल्या तेव्हा आत्यानं आपला आकड्यांचा कागद सहज वरपासून खालपर्यंत वाचला. ऐंशी. सत्त्याहत्तर. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. नव्वद. अठ्ठ्याहत्तर. ती खाली आली आणि पुन्हा वर गेली.

काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. कापड उलटं करून बघावं तसं तिनं ते मनात उलटं केलं. औषधानं पेशी मरतात. म्हणजे औषधाच्या ताटल्यांत ठिपके कमी हवेत. बारकी तर म्हणाली होती, चौथाई कमी. मग निम्मे आकडे ऐंशीच्या घरात आणि निम्मे साठच्या घरात असायला हवे होते. कोणते कोणाचे हे वहिनींना ठाऊक, पण दोन ढीग तर दिसायला हवेत. कागदावर एकच ढीग होता.

तिनं धाकट्याच्या कागदाकडे पाहिलं. नियम मोडून. धाकट्यानं तो हातानं झाकला, पण झाकताना त्याची नजर तिच्या कागदावर गेली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रुफं तपासणाऱ्या माणसाला चूक दिसली की त्याचा खालचा ओठ पुढे येतो. तो आला.

“चहा करू या का?” धाकटा म्हणाला.

“आत्ताच झाला,” दादा म्हणाला.

“मग परत.”

“दहा राहिल्यात. संपवा आणि मग घ्या काय तो.”

दहा संपल्या. साडेतीन झाले होते. वहिनींनी तिघांचे कागद घेतले, आपल्या बुडाखालची वही काढली आणि पेन्सिलीनं दोन रकाने पाडून आकडे मांडायला लागल्या. ग्रंथालयातल्या बाईला पुस्तक चुकीच्या कपाटात सापडलं की ती काही न बोलता ते उचलते आणि दुसरीकडे ठेवते. वहिनी काही न बोलता आकडे मांडत होत्या. मग त्यांनी बेरीज केली. मग पुन्हा केली, खालून वर.

“किती आलं?” दादानं विचारलं.

“थांबा हो, बघतेय.”

“झालं का?” आतून बारकी.

“होतंय,” चौघं एकदम म्हणाले.

आत्या उठून वहिनींच्या मागे उभी राहिली. औषधाच्या रकान्याखाली सरासरी ब्याऐंशी. साध्या रकान्याखाली चौऱ्याऐंशी.

“तुमच्या कुणाच्या तरी मोजण्यात गडबड आहे,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

“तिघांच्या?” धाकटा म्हणाला. “प्रत्येक ताटलीला आमच्या तिघांचे आकडे दोनचारच्या फरकानं जुळतायत. तिघांनी वेगवेगळं बसून एकच गडबड केली?”

“तुम्ही फार बारीक बघता. सगळंच धरता. ते बारके बारके ठिपके तिनं धरले नसते. तिची सवय आहे, चार वर्षांची. ते एवढे जर काढले...” वहिनींनी पेन्सिल उलटी केली. खोडरबराची बाजू. “औषधाच्या ताटल्यांतले तेवढे.”

“आणि साध्यांतले?”

वहिनींनी खोडरबर औषधाच्या रकान्यावर टेकवलं.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “ठेवा ती खाली.”

“तुम्हाला काय जातंय, वन्सं? चार वर्षं ती सणावाराला, आजाराला, कशाला घरी नाही. का, तर पेशींना खायला घालायचंय, दिवसाआड. माणसाचं मूल इतकं करून घेत नाही. उद्या आकडे गेले की सुटली असती पोरगी.”

“सोडवायला आपण मोजत होतो का?” धाकटा.

आणि इथं दादा, जो सहा वर्षं धाकट्याच्या प्रत्येक वाक्याला आडवा जात आला होता, तो म्हणाला, “तो बरोबर बोलतोय.” धाकटा इतका दचकला की त्याचं पेन खाली पडलं. पण दादाचं बोलणं संपलं नव्हतं. “बरोबर बोलतोय, खोडायचं नाही. पण घड्याळ मागं पडतंय असं गिऱ्हाईक म्हणालं, तर मी आधी आपलं घड्याळ तपासतो. आपण तिघं नवशिके. तिला एक ताटली मोजायला देऊ. तिचा आकडा आणि आपला आकडा, बघू तरी.”

हे सगळ्यांनाच पटलं, कारण त्यामुळे आणखी दहा मिनिटं मिळत होती.

वहिनींनी सतरा क्रमांक काढला, औषधाचा. तिघांचे आकडे त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. दारातून तो आत दिला. “हा औषधाचा बरं का. जरा तू मोज, आम्हाला पडताळायचंय.” बारकीनं हात पुसले, प्लास्टिकचा कागद ठेवला आणि माईशी बोलता बोलता, पट्टी न लावता, वाटाणे सोलण्याच्याच वेगानं खुणा करत गेली.

“एकसष्ट,” ती म्हणाली. “का गं आई?”

दादाचा चेहरा असा उजळला की बघवेना. “बघ. बघा. आपणच आंधळे. बावीसचा फरक. परत मोजावं लागेल सगळं, तिला विचारून.” वहिनींनी डोळे टिपले. धाकट्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

आत्या मात्र त्या बावीस ठिपक्यांचा विचार करत होती. ते गेले कुठं? फोटो तोच, ठिपके तेच. तिला राहवेना. हा तिचा जुना रोग. लहानपणी वडिलांच्या दुकानातलं गजराचं घड्याळ आतून कसं ओरडतं ते पाहायला तिनं उघडलं होतं आणि महिनाभर बोलणी खाल्ली होती. तिनं सतरा क्रमांकाचा फोटो उचलला, उलटा फिरवला, वरचं खाली, खालचं वर. चिठ्ठीवर कोरी चिठ्ठी चिकटवली, नवा प्लास्टिकचा कागद घेतला आणि आत गेली.

“अजून एक मोज,” ती म्हणाली. “हा साधा आहे.”

खोटं बोलताना तिचा आवाज नेहमी थोडा गोड होतो. बारकीच्या ते लक्षात आलं नाही, माईच्या आलं. माईनं वाटाण्यावरून मान वर केली आणि लेकीकडे बघत राहिली.

बारकीनं मोजलं. तशीच, पट्टी न लावता. पण ह्या वेळी पेन जिथं मघाशी थांबलं नव्हतं तिथं थांबत होतं, हे आत्या उभ्या उभ्या पाहत होती. बारक्या बारक्या ठिपक्यांवर. हा धरू? हो, धरू. साधा आहे ना, वाढलेलाच असणार. कुणी तसं म्हणत नव्हतं, बारकीसुद्धा नाही. तिच्या हाताला ते आपोआप ठाऊक होतं.

“ऐंशी,” बारकी म्हणाली.

आत्या दोन्ही प्लास्टिकचे कागद हातात घेऊन उभी राहिली. बाहेर जाऊन टेबलाशी बसावं आणि दादाला परत मोजू द्यावं, असं एकदा मनात आलं. पोरीला विचारत विचारत मोजलं असतं तर रात्रीच्या जेवणापर्यंत पाहिजे ते आकडे निघाले असते, कुणीही खोटं न बोलता. रफूचंही तसंच. कोट घालणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसत नाही, फक्त विणणारीला ठाऊक असतं भोक कुठं आहे.

“काय झालं?” बारकी म्हणाली. “आत्या, तुझं तोंड असं का झालंय?”

“तिला सांग काय ते,” माई कुणाकडे न बघता म्हणाली. “नाहीतर मग वाटाणे सोलायला बस.”

“तो एकच फोटो होता,” आत्या म्हणाली. “मघाचा आणि आत्ताचा. मी फिरवून दिला.”

बारकीनं आत्याच्या हातातून दोन्ही कागद घेतले आणि उठून बाहेरच्या खोलीत आली. सगळे एकदम काहीतरी करायला लागले. दादा भिंग पुसायला लागला, वहिनी वही मिटायला लागल्या, धाकटा खाली पडलेलं पेन शोधायला लागला.

“तू बाहेर यायचं नाही ना,” दादा म्हणाला. “नियम आहे.”

“बाबा, जरा सरका.”

तिनं सतरा क्रमांकाचा फोटो मधोमध ठेवला. त्यावर पहिला प्लास्टिकचा कागद. मग दुसरा, फिरवून, कडा जुळवून. लाल खुणांवर लाल खुणा बसल्या. जिथं एकच खूण होती तिथं ती थांबली.

“हे बघा,” ती म्हणाली. आवाज रडवेला होईल म्हणून आत्या तयारीत होती. तो तसा झाला नाही. एखादं कुलूप उघडताना माणूस बोलतो तसा होता. “हे एकोणीस. मघाशी सोडले, आत्ता धरले. सगळे एकाच मापाचे आहेत. काका, पट्टी द्या तुमची.”

धाकट्यानं पट्टी दिली. दादानं भिंग दिलं, न मागता. ती वाकली. दादा वाकला. मग धाकटा वाकला, आणि भिंग एकच असल्यामुळे दोघा भावांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघं तसेच वाकून राहिले.

“नमुन्याएवढाच आहे,” दादा म्हणाला. “हा पण.”

“हा किंचित मोठाच आहे,” धाकटा म्हणाला. “हा कसा सोडलास तू?”

“तेच बघतेय ना,” बारकी म्हणाली. “हा तर आंधळ्यालाही दिसेल. आई, तुझे दोन रकाने दाखव.”

“अजून पुरतं झालेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “बेरजेत काहीतरी... परत एकदा मोजू या का सगळ्यांनी? तुझे बाबा म्हणत होते, तुला विचारून. की थोडं खाऊन घेतेस आधी? सकाळपासून तू...”

“आई.”

वहिनींनी वही उघडली. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. बारकीनं ते वाचलं. मग तिघांचे कागद ओढून घेतले आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली, जसं आत्यानं तीस ताटल्यांनंतर केलं होतं, आणि तिच्याइतक्याच वेळात तळाशी पोहोचली. टेबलाभोवती सगळे उभे होते. प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. स्वयंपाकघरातून माईसुद्धा दारापर्यंत आली होती, हातात वाटाण्याची शेंग तशीच धरून.

“तीन महिने एक गोष्ट मनात यायची,” बारकी म्हणाली. “मोजताना आधी ताटलीवरचं नाव बघायची सवय का लागलीय मला. मग वाटायचं, जाऊ दे.” तिनं भिंग बापाच्या हातात परत दिलं. “औषधानं काही होत नाही, बाबा. चार वर्षं फरक दिसत होता, तो माझ्या डोळ्यांत होता.”